खोकं, खोली आणि खर्ज

स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात तीन मागण्या असतात. खोकं लहान हवं, म्हणजे दिवाणखान्यात अडगळ होणार नाही. खर्ज भरघोस हवा, डग्ग्याचा घुमारा अंगावर यायला हवा. आणि अॅम्प्लिफायर बेताचा असला तरी घर भरून आवाज निघायला हवा. दुकानदार तिन्हींना मान डोलावतो, पण एका जोडीत या तिन्ही मागण्या कधीच पुऱ्या होत नाहीत. दोन पदरात पाडून घ्यायच्या तर तिसरीवर पाणी सोडावं लागतं.

हा नियम जोसेफ अँटन हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावावर आहे. लहानपणीच ज्याचं वादन एडिसनच्या यंत्रावर उतरलं, त्या विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमनचा हा मुलगा. क्लॉस, लो आणि हॉफमन या तिघांनी १९५७ साली काढलेल्या ‘केएलएच’ कंपनीतलं शेवटचं अक्षर त्याचं. त्यानंतर कोनाचं साहित्य बदललं, गणितं संगणकावर होऊ लागली, पण नियम जागचा हलला नाही. ज्या घरांमध्ये वर्षानुवर्षं स्पीकरच्या जोड्या येत-जात राहिल्या आणि एखादीच कायमची मुक्कामाला राहिली, तिथे विचारून पाहावं. टिकलेल्या जोडीत काय कमी आहे हे त्या घरातली माणसं आधी सांगतात, आणि त्या उणिवेसकट ती जोडी त्यांना हवी असते.

स्पीकरचं आतलं काम तसं सोपं आहे. कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन, त्याच्या टोकाला तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याभोवती लोहचुंबक. वेटोळ्यातून गाण्याची वीज वाहते तसा कोन पुढे-मागे हलतो आणि हवेला धक्के देतो. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या रचनेला जे रूप दिलं, तेच आजही बहुतेक घरांत वाजतं आहे. गोची होते ती खर्जात. कोन पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ करतो, आणि खालच्या स्वरांत या दोन लाटा वळसा घालून एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून कोनामागे खोकं लागतं. शिवाय स्वर एक सप्तक खाली उतरला की तेवढाच आवाज काढायला कोनाला चौपट हलावं लागतं. मोठा कोन, मोठं खोकं नाहीतर भरपूर वीज, यापैकी काहीतरी मोजल्याशिवाय खर्ज मिळत नाही.

पॉल क्लिप्शने पाणी सोडलं ते जागेवर. आर्कान्सा राज्यातल्या होप या छोट्या गावात १९४६ साली त्याने ‘क्लिपशॉर्न’ विकायला काढला. त्यामागचं तत्त्व सनईचं आणि तुतारीचं: अरुंद तोंडातून निघालेला आवाज हळूहळू रुंदावत जाणाऱ्या नळीतून बाहेर पडला की तेवढ्याच दमात कितीतरी दूर पोचतो. जत्रेत खांबाला बांधलेला कर्णाही हेच करतो. पण कर्ण्यातून खर्ज काढायचा तर तो काही मीटर लांब हवा. क्लिप्शने त्या कर्ण्याला घड्या घालून तो कपाटाएवढ्या खोक्यात बसवला, आणि खोकं खोलीच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितलं. कोपऱ्याच्या दोन भिंती कर्ण्याचं पुढचं तोंड होतात. चार फुटांहून उंच असं हे धूड एका वॅटवर शंभराहून अधिक डेसिबल देतं. घरगुती स्पीकर सहसा ८५ ते ९० च्या दरम्यान असतात. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वीज, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं मोल कळतं. ज्यांच्या घराला दोन मोकळे कोपरे आहेत, त्यांनी हा स्पीकर आयुष्यभर सांभाळला. १९४६ पासून आजतागायत त्याचं उत्पादन चालू आहे.

आठ वर्षांनी याच्या नेमका उलटा सौदा झाला. एडगर व्हिल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादन शिकवत होता आणि ‘केएलएच’मधला पहिला, हेन्री क्लॉस, त्याचा विद्यार्थी होता. दोघांनी १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ‘अकूस्टिक रिसर्च’ म्हणजे ‘एआर’ ही कंपनी काढली. तोवर हललेल्या कोनाला जागेवर परत आणण्याचं काम त्याची ताठ कड करीत असे. कोन जास्त हलला की ती ताणली जाई आणि आवाज फाटे. व्हिल्चरने कोन ढिला सोडला आणि खोकं हवाबंद केलं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला तर आतली हवा तो परत ढकलते. तीच कोंडलेली हवा व्हिल्चरच्या स्पीकरची स्प्रिंग झाली. पहिल्या नमुन्यासाठी त्याने कोनाची कागदी कड कापून तिथे गादीच्या खोळीचं कापड लावलं.

परिणाम थक्क करणारा होता. जो खर्ज ऐकायला फ्रिजएवढं खोकं लागे, तो आता पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढ्या खोक्यातून निघू लागला. किंमत मोजली ती विजेने: हे स्पीकर जागवायला दणकट अॅम्प्लिफायर लागत. कंपनीने १९५८ साली ‘एआर-३’ आणला. त्यात वरच्या स्वरांसाठी लहान घुमटाच्या आकाराचे पडदे होते, आणि आज बहुतेक ट्वीटर त्याच घराण्यातले आहेत.

एआरची माणसं आपला माल पारखून घेण्याच्या बाबतीत निधड्या छातीची होती. फाइन आर्ट्‌स क्वार्टेट हे व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो वाजवणारं नावाजलेलं चौकडं मंचावर बसे. वादन सुरू होई, मध्येच वादक नुसतेच गज फिरवत राहत आणि त्यांचंच आधी मुद्रित केलेलं वादन शेजारच्या स्पीकरमधून वाजे. बदल कुठे झाला हे श्रोत्यांना ओळखायचं असे, आणि ते भल्याभल्यांना ओळखता येत नसे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात कंपनीने एक खोली घेतली होती. गाडीला वेळ असलेल्या कुणीही तिथे यावं, बसून ऐकावं आणि निघून जावं. विक्रीचा व्यवहार तिथे होतच नसे. एआर-३ चा एक नमुना आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. व्हिल्चरने १९६७ साली कंपनी विकली आणि पुढची वर्षं श्रवणयंत्रांच्या संशोधनाला दिली. हळू आणि मोठा आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत सांभाळून घेण्याची जी पद्धत त्याने मांडली, तिचं पेटंट त्याने घेतलं नाही. कर्णबधिर माणसांच्या वाट्याला ती लवकर यावी म्हणून हे ज्ञान त्याने खुलं ठेवलं. स्पीकरच्या दुनियेत याहून मोठा माणूस सापडणं कठीण.

खोकंच काढून टाकलं तर? इंग्लंडमधल्या हंटिंग्डनला पीटर वॉकरने हाच मार्ग धरला. त्याचा ‘क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक’ १९५७ साली बाजारात आला. त्यात ना कोन, ना लोहचुंबक, ना पेटी. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये ताणून बसवलेला प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा, त्यावर हजारो व्होल्टचा दाब. खर्जाच्या पट्ट्यांवर सुमारे सहा हजार. पत्र्यांवर गाण्याची वीज आली की सगळा पडदा एकदम ओढला-ढकलला जातो. कोन टोकाला ढकलला जातो आणि कडेला लोंबतो, तसं इथे होत नाही. पडद्याचं वजन जवळजवळ त्याला चिकटलेल्या हवेएवढंच असल्यामुळे तो क्षणात हलतो आणि क्षणात थांबतो. सतारीचा मिजराब तारेला लागतो तो क्षण या स्पीकरवर जसा ऐकू येतो, तसा आजही फार थोड्या यंत्रांवर येतो.

दिसायला तो खोली गरम करण्याच्या विजेच्या शेगडीसारखा. उणिवा ढीगभर. मोठा आवाज चढवला की आत ठिणगी पडून पडदा जळू शकतो. खोल खर्ज नाही. दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध बसलेल्या एकाच माणसाला पूर्ण सुख, शेजारच्याला अर्धं. दमट हवेत पडद्यावरचा विद्युत्‌भार गळतो आणि धूळ त्याला चिकटून बसते, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात तो सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. तरीही तो १९८५ पर्यंत बनत राहिला, आणि जुने पडदे नव्याने ताणून देणारे कारागीर युरोपात आजही काम करताहेत.

पण घरगुती स्पीकरच्या इतिहासात लोकांनी सगळ्यात जास्त जीव लावला तो एका अशा खोक्याला, जे घरासाठी बनलंच नव्हतं. बीबीसीला बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये बसवायला चिमुकला स्पीकर हवा होता. गाडीत जागा नाही, आणि कानावर हेडफोन लावून तासन्‌तास आवाजाचा तोल ठरवणं अवघड. त्याच सुमारास बीबीसीचा संशोधन विभाग स्टुडिओची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती करून तिच्यात आवाज कसा घुमतो याचे प्रयोग करीत होता, आणि त्यासाठी एक लहान स्पीकर तयार झाला होता. त्याच बीजातून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ‘एलएस ३/५ए’ आकाराला आला. उंची साधारण ३० सेंटिमीटर, रुंदी १९, खोली १६. वजन पाच किलोंच्या आसपास. केंट परगण्यातल्या केईएफ कंपनीचे दोन भाग त्यात होते, पाच इंची ‘बी ११०’ आणि घुमटाकार ‘टी २७’. केईएफमध्ये सगळ्यात आधी नोकरीला लागलेल्या माल्कम जोन्सने ते घडवले होते.

या खोक्यामागची मेहनत वाचली की आदर वाटतो. भिंती जाड केल्या तर खोकं कमी हलेल असं कुणालाही वाटेल. बीबीसीच्या अभियंत्यांनी भिंती पातळ बर्च प्लायवूडच्या ठेवल्या आणि आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्या. पातळ भिंतीचं थरथरणं मनुष्याच्या आवाजाच्या पट्टीपासून खाली सरकतं आणि डांबर ते गिळून टाकतं. ट्वीटरभोवती जाड नमद्याची चौकट बसवली, कारण खोक्याच्या धारेवर आपटून आवाज विखुरत होता. कोपऱ्यातल्या लाकडी पट्ट्या कोणत्या झाडाच्या असाव्यात, इथपर्यंत नियम होते. रॉजर्स, स्पेन्डॉर, हार्बेथ, चार्टवेल अशा कंपन्यांना परवाने दिले गेले, पण प्रत्येकाचा माल मूळ नमुन्याशी जुळलाच पाहिजे अशी अट. यातल्या दोन कंपन्या बीबीसीतूनच बाहेर पडलेल्या माणसांच्या, आणि दोन्हींच्या नावात संसार दडलेला आहे: स्पेन्सर आणि डोरोथी ह्यूझ यांचा स्पेन्डॉर, डडली हारवुड आणि एलिझाबेथ यांचा हार्बेथ.

बीबीसीची कसोटी होती माणसाचं बोलणं. ज्याचा आवाज रोज कानावर पडतो, असा सहकारी स्टुडिओत बोले आणि शेजारच्या खोलीत तोच आवाज स्पीकरमधून ऐकला जाई. व्हायोलिन थोडं बेसूर रंगाचं झालं तर ते चुकून निसटेल; ओळखीच्या माणसाचं नाक चोंदल्यासारखं वाटलं तर कानाला लगेच कळतं. म्हणूनच या खोक्यावर ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला गवई समोर बसल्याचा भास होतो. श्वास घेतलेला कळतो, ‘आ’कार आणि ‘ए’कारातला बदल कळतो.

आणि खर्ज? तो या स्पीकरमध्ये नाहीच म्हटलं तरी चालेल. ८० हर्ट्‌झच्या खाली आवाज उतरू लागतो. पुरुष गवयाचा षड्ज काळी एकला धरला, तर तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झवर बोलते, म्हणजे या स्पीकरच्या पोचेपलीकडे. तरीही तंबोरा पोकळ वाटत नाही, कारण जवारीमुळे त्या तारेतून स्वयंभू स्वरांची दाट साखळी निघते. १३८, २०७, २७६ असे वरचे स्वर कानावर पडले की मूळ ६९ चा स्वर मेंदू स्वतःच पुरा करून घेतो. शिवाय या स्पीकरला १२५ हर्ट्‌झच्या आसपास थोडा उठाव आहे, त्यामुळे भरीवपणाचा भास होतो. डग्ग्यावर तळहाताने घिस्सा दिलेला मात्र पुरता उमटत नाही, आणि पखवाजाचं वजन कमी भरतं. विजेचं म्हणाल तर क्लिपशॉर्न जेवढा आवाज एका वॅटवर काढतो, तेवढ्यासाठी इथे शंभराहून अधिक वॅट लागतील, आणि एवढी वीज हा जीव सोसणारच नाही. पंचवीस-तीस वॅटचा अॅम्प्लिफायर आणि रात्रीची शांत खोली, इथे तो राजा आहे. माल्कम जोन्सने काढलेली फाल्कन अकूस्टिक्स ही कंपनी हे भाग पुन्हा बनवू लागली आणि बीबीसीच्या परवान्याने हा स्पीकर आजही नवा मिळतो. मराठी घरात, जिथे ऐकणं गळ्याभोवती फिरतं आणि दिवाणखाना दहा-बारा फुटांचा असतो, तिथे याहून शहाणा सौदा क्वचितच असेल.

स्टुडिओतून घरात आलेला दुसरा गाजलेला स्पीकर म्हणजे जेबीएलचा ‘एल १००’, १९७० सालचा, नारिंगी फोमच्या चौकडी जाळीचा. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रणांच्या खोल्यांत ‘४३१०’ वाजत असे, त्याचाच हा घरगुती अवतार. रॉक ऐकणाऱ्यांना तोच हवा असे, कारण त्यांच्या आवडत्या रेकॉर्डी तशाच खोक्यांवर घडलेल्या होत्या. यामाहाच्या ‘एनएस-१०’ ची वाट उलटी गेली. १९७८ साली तो घरासाठी आला, घरांनी त्याला फारसं जवळ केलं नाही. मग पांढऱ्या कोनाची ती जोडी जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसली, कारण तिच्यावर ध्वनिमुद्रणातला कोणताही दोष लपत नसे.

भारतात या नावांचा प्रवास उशिरा झाला. आयातीवर कडक निर्बंध होते तोवर परदेशी जोडी ही जहाजावरच्या किंवा आखातातल्या नातेवाइकाची भेट असे. बाकीच्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे वूफर-ट्वीटर आणले आणि सुताराकडून खोकी करून घेतली. कोलकात्यात १९७० साली सुरू झालेल्या सोनोडाइनने अनेक मध्यमवर्गीय घरांना पहिली खरी जोडी दिली. पुण्याच्या केडन्सने तर पीटर वॉकरच्या वाटेवर पाऊल टाकलं. मधल्या आणि वरच्या स्वरांसाठी पातळ पडदा आणि खर्जासाठी कोनाचा वूफर अशी जोड देऊन तिने संकरित इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले आणि ते परदेशातही गेले. कोचीच्या रेदमने कर्ण्याचं तत्त्व हाताशी धरलं. या कारागिरीची दखल मराठीत फारशी घेतली गेली नाही, याची खंत वाटते.

आजचे हातात मावणारे ब्लूटूथ स्पीकर नियम मोडतात असं वाटतं, पण तेही किंमत मोजतात. आतला संगणक खर्जाला जादा वीज पुरवतो आणि आवाज चढवला की तोच खर्ज गुपचूप कमी करतो. पूर्ण आवाजावर तबला लावून पाहिलं की हे कानाला समजतं.

स्पीकर बदलण्याआधी खोलीकडे पाहायला हवं. ५० हर्ट्‌झच्या स्वराची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, आणि बारा फुटांच्या खोलीत ती भिंतींवर आपटून कुठे फुगते, कुठे नाहीशी होते. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढला की बरबटलेला खर्ज सुटा होतो. शोकेसच्या खणात कोंबलेली जोडी कानाच्या उंचीच्या स्टँडवर ठेवली, गुळगुळीत फरशीवर सतरंजी घातली, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं, तर नव्या जोडीएवढा फरक पडतो. दुकानात ऐकायला जाताना घरची ओळखीची रेकॉर्डिंग न्यावीत: एक नुसता तंबोरा आणि गळा, एक टाळ-पखवाजासह अभंग. टाळ कानात टोचला तर ट्वीटर कर्कश आहे; टाळांची गर्दी होऊनही शब्द स्पष्ट राहिले तर जोडी घ्यायला हरकत नाही.

आणि माळ्यावर सत्तर-ऐंशीच्या दशकातली जुनी जोडी पडली असेल तर ती भंगारात घालण्याची घाई करू नका. पुढची जाळी काढा आणि कोनाच्या कडेवरून हलकेच बोट फिरवा. त्या काळातल्या पुष्कळ वूफरची कड फोमची असे. आपल्या उष्ण, दमट हवेत तो फोम दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो, मग स्पीकर घरघरतो आणि लोक तो बिघडला म्हणून टाकून देतात. कोन, वेटोळं आणि लोहचुंबक बहुतेक वेळा शाबूत असतात. फक्त कड बदलावी लागते, आणि रिकोनिंगचं काम करणारे कारागीर मुंबई-पुण्यात अजून आहेत.